डावीकडे वळा, पण आगाऊ पैसे भरू नका

दिवाळीच्या सुट्टीत पोरं घरी आली की आमच्या या सदराला प्रश्न वाढतात हे दरवर्षीचं आहे, पण यंदा, 2025 ला, प्रिंटर, हँग होणारे मोबाईल, उडालेले लग्नाचे फोटो सगळं मागे पडलं आणि गठ्ठ्यात अर्धे प्रश्न निघाले ते एकाच गोष्टीचे, तो नवा नॅसकारचा गेम, म्हणजे अमेरिकेतल्या गोल ट्रॅकवर सारखं डावीकडे वळत होणाऱ्या गाड्यांच्या शर्यतीचा. मला आपलं वाटायचं की खान्देशात हा नाद मला एकट्यालाच. तर तसं नाही, चोपड्यापासून शहाद्यापर्यंत कुणी ना कुणी जेवणं झाल्यावर दार लोटून डावीकडे वळत बसलेलं आहे. म्हणून या वेळचं सदर यालाच देऊन टाकतो. प्रिंटरवाल्यांनो, पुढच्या महिन्यात नक्की.

प्रश्न (चोपडा): दादा, नॅसकार 25 ऑक्टोबरमधी प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर येऊन पण गेला, आम्ही कॉम्प्युटरवाले बसलोय वाट बघत. 11 नोव्हेंबरला येणार म्हणतात. मित्र म्हणतो आत्ताच बुक करून टाक. करू का?

उत्तर: ना भो, घाई करू नको. डिजिटल गेम आहे, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी झेंडूची फुलं संपतात तसा तो संपत नाही. 11 तारखेला पण तेवढाच मिळेल आणि 20 तारखेला पण तेवढाच.

घाई करू नको म्हणतो त्याला कारण आहे. 2021 च्या ऑक्टोबरमधी नॅसकार 21 इग्निशन नावाचा गेम आला होता, त्याचीही लोकांनी अशीच वाट बघितली होती, आणि आला तो इतके बग्ज, म्हणजे चुका, घेऊन की पहिल्या आठवड्यात खेळणाऱ्यांपेक्षा शिव्या देणारे जास्त. त्यानंतर कॉम्प्युटरवर सिम्युलेशन, म्हणजे खऱ्या गाडीसारखी गाडी चालवायला लावणारा, म्हणावं असा पूर्ण नवा गेम आलाच नाही, म्हणजे चार वर्षांचा उपवास आहे हा, आणि उपाशी माणूस ताटात काय आलं ते बघत नाही. यावेळी नॅसकारच्या नावाने गेम काढायचं लायसन्स आयरेसिंग या ऑनलाइन शर्यतीच्या गेमवाल्यांकडे आहे, त्यांची घोषणा 2023 मधी झाली होती, म्हणून आशा जास्त आहे. माझी पण आहे. पण आशा वेगळी आणि पैसे वेगळे.

कन्सोल, म्हणजे ते प्लेस्टेशन न् एक्सबॉक्स, सगळ्यांच्या घरी एकच डबा. कॉम्प्युटर प्रत्येकाचा वेगळा, कुणाचं ग्राफिक्स कार्ड जुनं, कुणाचा ड्रायव्हर अपडेट नाही, कुणाचं स्टिअरिंग एका कंपनीचं आणि पेडल दुसऱ्या. गेम कन्सोलवर नीट चालला म्हणजे तुझ्याकडे नीट चालेल असं होत नाही. त्यामुळे निघाल्यावर तीन-चार दिवस लोकांचे व्हिडिओ बघ, त्यातल्या त्यात तुझ्यासारखंच कार्ड असणाऱ्यांचे. मग घे. आणि एक गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते, स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात घेतलेला गेम 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळला असेल तर परत करता येतो, पैसे परत मिळतात. तेव्हा पहिले दीड तास करिअर न् गाडीला रंग देणं यात घालवू नको. सरळ रेसमधी उतर, चाळीस गाड्यांच्या गर्दीत कॉम्प्युटर अडकतो का बघ, स्टिअरिंग ओळखतो का बघ. मित्राला सांग, बुकिंग ट्रॅक्टरचं करतात.

प्रश्न (भुसावळ): माझा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. रात्री कॉम्प्युटरवर गाडी घेऊन गोल गोल फिरत बसतो, नुसतं डावीकडे. मी मागे उभी राहून बघितलं तर मलाच गरगरलं. आता म्हणे नवीन येणार आहे, त्याचीच चर्चा. हा काय खेळ आहे आणि यात शिकण्यासारखं काही असतं का?

उत्तर: ताई, तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला म्हणून जागा पण जास्त देतो.

नॅसकार ही अमेरिकेतली रेस, 1948 मध्ये डेटोना बीचवर बिल फ्रान्स नावाच्या माणसाने संघटना काढली. नॅसकार या नावात स्टॉक कार आहे, स्टॉक कार म्हणजे शोरूममधून निघालेली साधी गाडी, तिचीच शर्यत, म्हणून ते नाव. त्याच्या आधीची गोष्ट तर आपल्याकडच्या लोकांना लगेच समजेल. तिकडे दारूबंदी होती तेव्हा डोंगरातून हातभट्टीचा माल पोचवणारे पोरं साध्या दिसणाऱ्या गाडीला आतून भारी इंजिन बसवायचे, पोलिसाला गुंगारा द्यायला. मग रविवारी तीच पोरं एकमेकांत पैज लावायची कुणाची गाडी पळते. आता त्या गाड्या नावालाच स्टॉक राहिल्या, आतमधी सगळं शर्यतीसाठी बनवलेलं, दीड टनाच्या आसपास वजन आणि 5.8 लिटरचं व्ही एट इंजिन.

आता गोल फिरण्याचं. तुम्ही खळ्यावर मळणी बघितली असेल. तिवड्याला बांधलेले बैल गोल फिरतात, आतला बैल सावकाश चालतो आणि बाहेरच्याला पळावं लागतं, म्हणून म्हातारा, शहाणा बैल आत जोडायचे आणि तरणा बाहेर. नॅसकारची अर्धी अक्कल यातच आहे. आतून जाणाऱ्याला अंतर कमी पण वळण आवळ, बाहेरून जाणाऱ्याला अंतर जास्त पण वेग टिकतो. कोणत्या लॅपला, म्हणजे फेरीला, आत राहायचं आणि कधी बाहेर निघायचं हा सगळा डोक्याचा खेळ आहे. फरक एवढाच की खळ्यावर समोरच्या बैलाला ठोकून पुढे जात नाहीत.

दुसरं, ते ट्रॅक सपाट नसतात. यात्रेत मौत का कुआं बघितलाय ना, लाकडी भिंतीवर मोटरसायकल आडवी फिरते आणि खाली पडत नाही, त्याचीच सौम्य आवृत्ती. डेटोनाच्या वळणावर रस्ता 31 अंश कललेला आहे, इतका की पायी चढायला गेलात तर हात टेकावे लागतील. म्हणून तिथे गाडी तीनशेच्या आसपास वेगाने ब्रेक न मारता वळते. आणि उलट मार्टिन्सव्हिलचा ट्रॅक, अर्ध्या मैलाचा, जवळजवळ सपाट, आकार कागदाला लावायच्या पिनसारखा, तिथे ब्रेक लालभडक होतात. डार्लिंग्टनचा तर अंड्यासारखा आहे, एक बाजू रुंद, एक निमुळती, कारण 1950 च्या आधी जमीन विकणाऱ्या शेतकऱ्याने सांगितलं की माझं माशांचं तळं बुजवायचं नाही. म्हणून एका टोकाला वळण आवळून घेतलं. आपल्याकडे बांधावरून कोर्टात पिढ्या जातात, त्यांच्याकडे तळ्यावरून ट्रॅक वाकडा झाला आणि आज सत्तर-पंच्याहत्तर वर्षांनी ड्रायव्हर लोकं त्या तळ्याच्या नावाने बोटं मोडतात.

शिकण्यासारखं विचाराल तर टायर सांभाळणं. हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे आणि नवीन खेळणाऱ्याला तोच समजत नाही. टायर नवे असताना गाडी चिकटून वळते, पोराला वाटतं आपण भारी. वीस-पंचवीस लॅपनंतर तीच गाडी ऐकत नाही. मग दोन प्रकार होतात. एक, टाइट, म्हणजे स्टिअरिंग फिरवलं तरी नाक वळत नाही, भिंतीकडेच जातं. केळीचे घड जास्त भरलेली ट्रॉली मागे असली की ट्रॅक्टरचं पुढचं चाक हलकं होतं आणि स्टिअरिंग नुसतं फिरतं, अगदी तसं. दुसरा, लूज, म्हणजे मागची बाजू घसरते, पावसात काळ्या मातीतल्या वाटेवर मोटरसायकलचं मागचं चाक कसं बाजूला निघतं, तसं. जो पहिल्या दहा लॅपमधी हात आखडता ठेवतो तो शेवटच्या दहा लॅपमधी सगळ्यांना मागे टाकतो. तुमच्या मुलाला एकदा विचारा, बाबा रे तुझी गाडी टाइट आहे का लूज, आणि बघा तो कसा चमकून वळतो तुमच्याकडे.

आणि हो, 2024 आणि 2025 अशी लागोपाठ दोन वर्षं डेटोना 500 जिंकणारा विल्यम बायरन हा पण आधी कॉम्प्युटरवरच शिकला, खऱ्या गाडीत नंतर बसला. पण हे मुलाला सांगू नका, अभ्यास संपेल. डेटोना 500 म्हणजे 500 मैल, 800 किलोमीटर, जळगावहून नागपूर जाऊन जवळपास परत यायचं, तेही दोनशे फेऱ्यांमधी, आणि मध्ये कुठे चहा नाही.

प्रश्न (धुळे): लॅपटॉप आहे, आय फाइव्ह, 8 जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड वेगळं नाही. चालेल का?

उत्तर: नाही. गेम अनरिअल इंजिन 5 या गेम बनवायच्या भारी सॉफ्टवेअरवर आहे, बिनकार्डाच्या लॅपटॉपवर तो रेस नाही, फोटोंचा अल्बम दाखवेल. कुणी दुकानदार म्हणाला की रॅम वाढवली की चालेल तर नमस्कार करून निघून या. रॅम पण हवीच, पण त्याआधी कार्ड हवं. तोपर्यंत जुने गेम खेळा, खाली अमळनेरच्या दादांना सांगितलंय ते वाचा.

प्रश्न (अमळनेर): मी 2003 ला कॉलेजात असताना कॅफेत तासाला वीस रुपये देऊन नॅसकार रेसिंग 2003 सीझन खेळायचो. तशी मजा पुन्हा कशात आली नाही. आता वय पंचेचाळीस. नवीन गेमकडून तशी अपेक्षा ठेवावी का, की नुसतं चकचकीत ग्राफिक्स असेल?

उत्तर: अहो दादा, या हृदयीचे त्या हृदयी. मी जळगावला होस्टेलच्या खोलीत एका मित्राच्या पेंटियम फोरवर तोच गेम खेळायचो, चार जण खाटेवर बसून, एकाचा नंबर संपला की दुसऱ्याचा, आणि जो भिंतीला ठोकेल त्याने शेवभाजी आणायची. मी बऱ्याचदा आणली.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या गेमच्या वंशावळीत आहे. तो बनवला पॅपिरस नावाच्या कंपनीने. डेव्हिड केमर आणि ओमर खुदारी या दोघांनी 1987 मध्ये ती काढली, 1989 ला इंडियानापोलिस 500 चा गेम केला, 1994 ला पहिला नॅसकार रेसिंग. 2003 चा हा त्यांचा शेवटचा, कारण लायसन्स दुसऱ्या मोठ्या कंपनीकडे गेलं आणि दुकान बंद. पण केमर गप्प बसला नाही. 2004 मध्ये त्याने जॉन हेन्रीसोबत, म्हणजे लिव्हरपूल फुटबॉल क्लबवाला तो हेन्री, नवीन कंपनी उभी केली आणि 2008 ला आयरेसिंग सुरू झालं, जुन्या 2003 च्या गेमच्या पायावरच. म्हणजे नॅसकार 25 हा तुमच्या त्या कॅफेतल्या गेमचा नात्याने पुतण्या लागतो. शिवाय बनवणारी टीम मॉन्स्टर गेम्सची, तीच ज्यांनी 2000 साली नॅसकार हीट केला होता, 2022 ला त्यांना आयरेसिंगने घेतलं. थोडक्यात सगळे जुने आचारी एका भटारखान्यात आलेत.

तुम्ही विचाराल मग आयरेसिंगच का नको? खेळा की. पण ते महिन्याचं भाडं आहे, आणि वर एकेक गाडी, एकेक ट्रॅक वेगळा विकत. सवय लागली की खिशाला बीळ पडतं. आणि तिथे समोर खरी माणसं असतात, त्यांना पंचेचाळिशीच्या माणसाची दया येत नाही. नवीन गेम एकदाच विकत घ्यायचा, घरात एकटं बसून कॉम्प्युटरशी खेळायचं, एआरसीए या सगळ्यात खालच्या मालिकेपासून सुरुवात, मग पिकअप ट्रकची, मग एक्सफिनिटी, मग सगळ्यात वरची कप, अशा चारही पायऱ्या त्यात आहेत. तालुक्याच्या मॅचपासून रणजीपर्यंत जायचं तसं.

माझी अपेक्षा खरं सांगायचं तर दोनच गोष्टींची आहे, टायर आणि ट्रॅक. ग्राफिक्स मला फुकट दिलं तरी चालेल. आयरेसिंगवाले ट्रॅक लेझरने मोजतात, इंच न् इंच, कुठे डांबर उचललंय, कुठे खड्डा बुजवलाय ते सगळं. याची एक गोष्ट तुम्हाला आवडेल. नॉर्थ विल्क्सबोरो नावाचा जुना ट्रॅक 1996 ला बंद पडला, गवत माजलं, भेगांतून झाडं निघाली. 2019 च्या डिसेंबरमध्ये डेल अर्नहार्ट ज्युनिअर, स्वतः एवढा मोठा ड्रायव्हर, चार माणसं घेऊन तिथे गेला आणि निंदणी केली. हो, निंदणीच, कपाशीत करतो तशी. का तर लेझरवाल्यांना ट्रॅक मोजता यावा, निदान कॉम्प्युटरमधी तरी तो जिवंत राहावा. झालं असं की कॉम्प्युटरवर लोकांनी तो खेळला, ओरड सुरू झाली, सरकारी पैसा आला, आणि 2023 च्या मे महिन्यात तिथे खरोखरची ऑल स्टार रेस झाली, सत्तावीस वर्षांनी. गेममुळे एखादी बंद पडलेली जागा उघडली असं मी दुसरीकडे कुठे ऐकलं नाही. आपल्याकडच्या एखाद्या बंद सूतगिरणीचं असं काही झालं तर काय पाहिजे.

तोपर्यंत जुना 2003 चा शोधा, त्यावर लोकं अजून नवीन नवीन गाड्या आणि ट्रॅक बनवून टाकतात, धुळ्याच्या त्या लॅपटॉपवर पण तो पळेल.

प्रश्न (रावेर): एका ड्रायव्हरने शेवटच्या वळणावर मुद्दाम भिंतीला गाडी घासत पाच जणांना मागे टाकलं तो व्हिडिओ खरा आहे का? नवीन गेममधी मी तसं करणार आहे.

उत्तर: खरा आहे. 30 ऑक्टोबर 2022, मार्टिन्सव्हिल, शेवटचा लॅप. रॉस चॅस्टेनला फायनलला जायला दोन जागा कमी पडत होत्या आणि तो दहावा होता. त्याने गाडी पाचव्या गिअरमधी टाकली, बाहेरच्या भिंतीला चिकटवली, स्टिअरिंग सोडल्यासारखं केलं आणि भिंतच त्याला वळवत घेऊन गेली. सगळे ब्रेक मारतायत आणि हा पूर्ण अॅक्सिलरेटरवर. पाच गाड्या मागे, पाचवा नंबर. नंतर म्हणाला की लहानपणी व्हिडिओ गेममधी असं करायचो.

तुम्हा रावेरवाल्यांना एक जास्तीची माहिती. हा चॅस्टेन पिढीजात शेतकऱ्याचा पोरगा, फ्लोरिडात त्यांची टरबुजाची शेती, आणि जिंकला की गाडीवर चढून टरबूज जमिनीवर आपटून फोडतो. तापीच्या वाळूतली टरबुजं बघितली असती तर त्याचा हात उठला नसता.

पण तू करू नको. 2023 पासून त्यावर दंड करायचं ठरलं. ऑनलाइन मित्रांसोबत खेळताना एकदा केलंस तर हसतील, दुसऱ्यांदा केलंस तर बोलावणार नाहीत. त्यापेक्षा समोरच्याच्या मागे चिकटायला शिक. हायवेला एसटीच्या मागे मोटरसायकल घेतली की वारा लागत नाही आणि गाडी आपोआप पळते, त्याला ड्राफ्टिंग म्हणतात, डेटोनाला सगळा खेळ त्याच्यावर आहे. (हायवेला पण करू नको. तिथे एसटीने ब्रेक मारला तर रिस्टार्टचं बटण नसतं.)

प्रश्न (शिरपूर): स्टिअरिंग घ्यावं का कीबोर्डवर भागेल? घरचे म्हणतात एवढ्या पैशात शेळी येते.

उत्तर: घरचे बरोबर म्हणतात, आणि शेळी दूध पण देते.

कीबोर्ड विसर. कीबोर्डचं बटण म्हणजे अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला किंवा पूर्ण सोडलेला, मधलं काही नाही, आणि वर सांगितलं तसं इथे सगळं मधल्यावरच आहे, वळणातून निघताना पाय हळूहळू दाबायचा नाहीतर मागचं घसरलंच. पहिलं साधं कंट्रोलर घे, दोन-अडीच हजारात येतं, त्याच्या मागच्या खटक्याला अर्धं, पाव दाबता येतं. तीन महिने खेळून नाद टिकला तर मग स्टिअरिंग. सुरुवातीला लोकं लॉजिटेकचं जी 29 किंवा जी 923 घेतात, आतमधी गिअर आहेत त्यामुळे आवाज करतं पण हाताला गाडी जाणवते, टायर सुटायला लागला की स्टिअरिंग एकदम हलकं पडतं आणि ते कळणं हीच त्याची किंमत.

स्टिअरिंग घेणाऱ्यांसाठी एक माझा अनुभव. आमच्या घरी शहाबादी फरशी, ब्रेक मारला की पेडल सरकत सरकत पलंगाखाली जायचं आणि मी खुर्चीवरून अर्धा खाली. रबरी चटई आणली, जमलं नाही. शेवटी खाली बारदान टाकलं, पुढे भिंतीला टेकवून दोन विटा लावल्या, तेव्हापासून केसभर हललं नाही. आणि टेबलावर काच असेल तर स्टिअरिंगचा क्लॅम्प आवळण्याआधी काच काढून ठेवा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. काच माझ्या सासऱ्यांनी दिलेली होती.

प्रश्न (शहादा): आमचं घर शेतात आहे. लाइट केव्हाही जाते, इन्व्हर्टर आहे पण लाइट गेली की कॉम्प्युटर बंद होऊन परत सुरू होतो. ब्रिस्टलला 500 लॅपची रेस असते म्हणे, माझी कधी पूर्ण होईल?

उत्तर: भाऊ, ब्रिस्टलचा ट्रॅक छोटा आहे, एक लॅप पंधरा सेकंदाच्या आसपास, पण 500 लॅप आणि मधले पिवळे झेंडे (अपघात झाला की गाड्या हळू करायला दाखवतात ते) धरले तर तीन तास कुठे गेले नाहीत. तेवढा वेळ सलग लाइट आमच्याकडे पण राहत नाही. सेटिंगमधी रेस छोटी करून घे.

कॉम्प्युटर बंद पडतो त्याचं कारण इन्व्हर्टर लाइटवरून बॅटरीवर यायला जरा वेळ घेतो, पंखा न् दिव्याला ते कळत नाही पण कॉम्प्युटरला कळतं. बऱ्याच इन्व्हर्टरला मागे किंवा बाजूला एक छोटं बटण असतं, एका बाजूला नॉर्मल किंवा इको लिहिलेलं आणि दुसऱ्या बाजूला यूपीएस. ते यूपीएसकडे कर, बदल लवकर होतो, कॉम्प्युटर टिकतो. ग्राफिक्स कार्डवाला कॉम्प्युटर खेळताना बॅटरी भराभर ओढतो, तेव्हा त्याच इन्व्हर्टरवर फ्रीज ठेवू नको. आणि एवढं करूनही बंद पडत असेल तर बॅटरीचं पाणी बघ, माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी सहा जणांनी ते बसवल्यापासून बघितलेलं नसतं.